चिनी टोकांची मशीद

धाकू : यतीनचा पासपोर्ट माझ्या उशीखाली हाय आणि तिथंच ऱ्हाईल.

सुगंधा : बाबा, ऐका ना. बारा वाजता एजंटचा माणूस आपल्या इंद्रलोक वसाहतीच्या गेटवर येणार. यतीन भावोजींची व्हिसाची फाईल आजच जायचीय. परक्याने बोलावलंय का त्यांना? तुमच्याच थोरल्या मुलाने बोलावलंय.

धाकू : थोरला कुठं हाय ते आधी मला पटू दे.

सुगंधा : मलेशियात! मलाक्का म्हणून गाव आहे. जुन्या मशिदीच्या छपराचं लाकूडकाम करतायत. सहा महिने तेच सांगतेय मी.

धाकू : तू सांगतेयस. तो काय सांगतोय ते ह्या फोटोत बघ. चष्मा लाव हवं तर. ह्याला मशीद म्हणतात? घुमट कुठाय? एकावर एक तीन छपरं, वर जाताना लहान होत गेलेली. कोपरे बघ, नागाच्या फण्यासारखे वर उचललेत. बाजूचा मनोरा तर सरळसरळ चिनी देऊळ. आणि दिपेशच्या शेजारी उभा तो म्हातारा कोण?

सुगंधा : हेडमिस्त्री. चिनी आहे तो.

धाकू : बघ, आपल्या तोंडाने बोललीस. नवघरच्या शिवाचा पोरगा हॉटेलात नोकरी म्हणून गेला होता. सात महिने कोंडून ठेवला त्याला चिनी लोकांनी. कॉम्प्युटरवर बसवायचे, फोन करून माणसं फसवायला लावायचे. तोपण घरी फोटो पाठवायचा. हसरे. हसायला लावायचे त्याला. मागून दुसरा भाऊ बोलाव म्हणायचे.

सुगंधा : ह्यांचं तसं काही नाही हो.

धाकू : मग बारा दिवस व्हिडिओ कॉल का नाय? नुसते आवाज पाठवतो. कुठंतरी पाणी मुरतंय, सुगंधा. आणि तुझी एवढी घाई का, ते मला कळत नाय.

सुगंधा : माझ्यावरपण संशय? ठीक आहे. आत्ताच लावते व्हिडिओ. तिकडे आता जेवणाची सुट्टी असेल. तुम्हीच विचारा काय ते.

(फोन लागतो.)

दिपेश : हां, बोल... अरे, बाबा? तुम्ही?

धाकू : एकटा हायस?

दिपेश : हो. बाकीचे जेवायला गेलेत.

धाकू : फोन गोल फिरव. दार दाखव. दाराला कुलूप बाहेरून हाय की आतून?

दिपेश : दारच नाहीये बाबा, ओटी आहे उघडी. ही बघा. तो हौद, हातपाय धुवायचा. बाहेर रस्ता, रिक्षा, नारळपाणीवाला. कुलूप कशाला?

धाकू : बरं. मग सांग, मशिदीला चिनी छप्पर कसं?

दिपेश : हेच होय! अहो, बंदर आहे हे. चिनी सुतार, गवंडी, व्यापारी, सगळे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले. मशीद मलय लोकांची, पण काम करायला चिनी कारागीर. तीन छपरांची पद्धत मूळ इथलीच, असं मलय पोरं म्हणतात. आमचा चिनी म्हातारा म्हणतो, आमच्याकडून घेतली. रोज चहाला भांडतात दोघं. पण कोपऱ्यांची ती वळलेली टोकं आणि मनोरा चिनी, ह्यावर कोणाचं भांडण नाही.

धाकू : आणि नमाजवाल्यांना चाललं?

दिपेश : तुम्ही विचारताय हे? आपल्या गावची मशीद कोणी बांधली?

धाकू : कोणी म्हणजे? माझ्या बापाने. मी वासे तासले की. चौदा वर्षांचा होतो.

दिपेश : घुमट केला होता आजोबांनी?

धाकू : घुमट कसला? बापाला देवळाचं छप्पर यायचं, त्याने तेच घातलं. कौलारू. कोपऱ्यातल्या वाशाच्या टोकाला कमळसुद्धा कोरलं. काजी बोलले, राहू दे धाकूच्या बा, छान दिसतंय.

सुगंधा : काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि मला सकाळपासून घुमट विचारताय.

धाकू : गप गो. हां, हाताला जे येतं तेच सुतार बांधणार. पटलं. बरं, मधले खांब किती?

दिपेश : चार. सगळा भार त्यांच्यावर. दोन छपरांमध्ये फट ठेवलीय, उजेड आणि वारा येतो. जोडाला खिळा एक नाही. खाचेत खाच.

धाकू : तू केलेला जोड दाखव. जवळ ने फोन. अजून.

दिपेश : हा बघा. कालचा.

धाकू : हा तुझा नाय.

दिपेश : माझाच आहे.

धाकू : तुला पटाशीने खाच पाडायला मी शिकवलंय मेल्या. तू उजवीकडून मारतोस, कड लोण्यासारखी सुटते. ही डाव्या अंगाने मारलीय आणि फाटलीय. शिकाऊ पोराचं काम हे. खोटं का बोलतोस?

दिपेश : बाबा...

धाकू : फोन कुठच्या हातात हाय?

दिपेश : डाव्या.

धाकू : उजवा दाखव.

दिपेश : कशाला आता?

धाकू : दाखव बोललो ना!

दिपेश : ...तुळई घसरली. दोन बोटं सापडली मध्ये. काढावी लागली. आता बरं आहे, ड्रेसिंग चालू आहे.

धाकू : कधी?

दिपेश : बारा दिवस झाले.

धाकू : सुगंधा, तुला माहीत होतं?

सुगंधा : पहिल्या दिवसापासून. मागच्या वर्षी तुमची अँजिओप्लास्टी झाली, मी कशी सांगणार होते? रात्ररात्र झोप नाही मला. हे म्हणाले, यतीन आला की जड काम तो उचलेल, मी खुणा मारून देईन. नाहीतर मालक परत पाठवेल. आणि परत येऊन ह्या हाताला इथे कोण काम देणार? म्हणून घाई करत होते. चुकलं माझं.

दिपेश : तिला नका बोलू, बाबा. मीच शपथ घातली होती.

धाकू : शपथ घालतोस आणि सख्ख्या भावाला आंधळा करून विमानात बसवतोस? त्याची बोटं गेली असती म्हणजे? सुगंधा, गेटवरच्या माणसाला फोन लाव. बोल, आज नाय. यतीन कारखान्यातून येऊ दे, त्याला सगळं सांगू. मग जायचं तर तो त्याच्या मर्जीने जाईल.

दिपेश : तोपर्यंत मी काय करू? शुक्रवारी म्हातारा माझे जोड तपासणार. डाव्या हाताने जमत नाही हो. तीन लाकडं फोडली.

धाकू : रडू नको. दुखतं का रे फार?

दिपेश : रात्री दुखतं. नसलेलीच बोटं दुखतात.

धाकू : हं... पटाशी हाय जवळ? आणि लाकडाचा एक टाकाऊ तुकडा घे. फोन टेकवून ठेव समोर.

दिपेश : ठेवला.

धाकू : डावा अंगठा खाली आण. अजून खाली. मनगट सैल सोड. पहिला घाव रेषेवर नको, रेषेच्या आत मार.

दिपेश : सुट्टी संपेल, बाबा. किती वेळ बसणार तुम्ही?

धाकू : मला कुठं जायचंय? मार.