कोरडा दिवस

संघप्रिया : मावशी, ती पहार खाली ठेवा आधी. आशाताई म्हणून न्हाई, भाचीसारखी सांगायलेय.

पंचफुला : दत्तरावाचा हौद फोडल्याबिगर न्हाई ठेवत. त्याच्याच हौदाचा डास चावला माझ्या नातीला. पाच दिसांत नेली डेंगीनं.

संघप्रिया : आता त्या हौदात गप्पी मासे सोडलेत. अळी न्हाई.

पंचफुला : आता. तव्हा होती न्हवं?

संघप्रिया : होती.

पंचफुला : मग? काल त्याच्या पप्पूला तोच ताप निघाला म्हणं. दोन महिन्यांनी घास गोड लागला बग मला.

संघप्रिया : सात वर्षांचं लेकरू हाय ते, मावशी. दवाखान्यात भरती हाय.

पंचफुला : माझी सृष्टी नऊची होती.

संघप्रिया : हा ताप मुळात रानातला. माकडाचा डास माकडाला चावायचा, झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात अंडी घालायचा. माणूस रान तोडत आत गेला, ताप अंगावर घेऊन गावात आला. गावच्या डासाला ढोली कशाला? त्यानं रांजण धरला.

पंचफुला : मग माकडाच्या दारात जाऊन भांडू?

संघप्रिया : भांडा. पण हा डास चार घरांपल्याड जात न्हाई. पप्पूची अन् तुमची भिंत एक. हा रांजण साडीनं का बांधलाय?

पंचफुला : त्याला हात लावू नको.

संघप्रिया : दर शनवारी कोरडा दिवस पाळा म्हणते, सगळी भांडी पालथी घाला म्हणते. तुमी व्हय म्हणता.

पंचफुला : बाकी सगळी घालते. ह्यो न्हाई. सृष्टीनं भरलाय. ताप चढायच्या आदल्या दिशी, हापशावरून, कळशी कळशी करत. तांब्याभर काढलं न्हाई मी त्यातलं.

संघप्रिया : साडी कडंला फाटलीय. पहार धरते मी, तुमी बॅटरी धरा. बघा आत.

पंचफुला : वळवळायलंय काय?

संघप्रिया : अळ्या.

(पंचफुला बॅटरी विझवते, रांजणाला बांधलेली साडी सोडते.)

पंचफुला : पप्पू तिच्यासंगं गजगे खेळायचा. हरला की रडायचा. बरा होईल का गं?

संघप्रिया : डॉक्टर व्हय म्हणालेत. तांब्याभर गाळून ठेवू का, आठवणीला?

पंचफुला : नको. तांब्यातबी होतील. पहार दे इकडं. अन् मागं सर जरा, पाणी अंगावर येईल.