साहेब बाजूला उभे आहेत

आमच्या अधारतालच्या ऑफिसात नवे फोन लागले, त्याची गंमत ऐका. फोन उचलला नाही तर वाजणारी सूचना प्रत्येकानं आपल्या आवाजात भरायची होती. मी भरली, "नमस्ते, मैं अभी बात नहीं कर सकती. बीप के बाद बोलिए." पण आलेले निरोप ऐकायचे राहूनच गेले.

सोमवारी निरोप कसे ऐकायचे, हे सगळ्यांना शिकवायला साहेबांनी माझाच फोन घेतला आणि स्पीकर लावला. पाहते तर आईचा आवाज!

"हिंदीत बोलून राहिली, म्हणजे साहेब बाजूला उभे आहेत वाटतं. तू बोलू नको, फक्त ऐक. वेळेवर जेव."

दुसरा निरोप, "आजही उभेच?"

तिसरा त्याच सकाळचा. "काहून गं, त्या माणसाला दुसरं काही काम नाही काय? डब्यात भरली वांगी आहेत, त्याला देऊ नको."

सगळे खाली माना घालून हसून राहिले. साहेब हिंदीवाले, पण मराठी शेजारात वाढलेले. त्यांना शब्द न् शब्द समजला. त्यांनी स्पीकर बंद केला. म्हटलं, चलो, गेली नोकरी.

दुपारी मी डबा उघडला, तर साहेब हातात पोळी घेऊन समोर हजर. "माताजी से कहिए, आज सच में खड़ा हूँ. बैंगन निकालिए."