गाठायचं आणि थांबायचं

(मालवणजवळची एक वाडी. मागीलदारी बाबली तांडेल (तांडेल म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या), त्याची बायको राधाबाई आणि कोल्हापूरहून आहारशास्त्र शिकून आलेली लेक किशोरी. बाबलीचं बीपी वाढल्यामुळे तिने त्याला रोजच्या जेवणाचा तक्ता करून दिला आहे.)

बाबली : प्रथिनां चोपन ग्रॅम लिवलेलस, मी साठाच्या वर गेलंय. मिठाचा तर विचारूच नको. पाच लिवलेलस, मी दुप्पट केलंय.

किशोरी : काय केलस, बाबा?

राधाबाई : सकाळी पेजेवांगडा खारो बांगडो, दुपारी परत खारो बांगडो. मी म्हटलंय, अवो, इतक्या मीठ? तर म्हणतत, किशोरीन, माझ्या चेडवान, लक्ष्य दिल्यान हा.

बाबली : मगे? तुझो पयलो तक्तो. तो माझ्यामुळे नापास जावक नको. धक्क्यार सगळ्यांका सांगलंय, रोजचा रोज पुरा करतंय म्हणान.

किशोरी : म्हणान आज बीपी उतराक नाय. आणि मी मशीन बिघडलं म्हणून झटकत बसले.

बाबली : उतराक नाय?

किशोरी : वाढलंय. आणि उतरल्याशिवाय होडीवर जायचं नाही, हे आपलं ठरलंय.

बाबली : परवा होडी सुटतली गो. हंगामाचो पयलो दिवस मी कधी चुकवूक नाय.

किशोरी : मीठ पाच ग्रॅम म्हणजे पाचाच्या आत, बाबा. ते गाठायचं नाही. तिथे थांबायचं.

बाबली : प्रथिनांपुढे चोपन, मिठापुढे पाच. वर एकच शब्द, लक्ष्य. माका काय कळतला? आमच्यात लक्ष्य म्हणजे मासळी. जास्त गावली तर कोण परत दर्यात टाकता?

राधाबाई : तिका कित्याक बोलतात? वाचूक येता, विचारूक येत नाय?

किशोरी : नाही आई, शब्द माझाच चुकला. बाबा, होडयेत भार किती घेतस?

बाबली : काठ पाण्याच्या वर रवाक होयो. तेच्यापुढे एक टोपलीय नाय.

किशोरी : आणि डिझेल?

बाबली : ता कमी पडता नये. परत येवचा आसता.

किशोरी : मग मीठ, साखर, तेल हा भार. प्रथिनं, भाजी, फळं, कुळीथ, ता डिझेल. थांब, दोन रकाने करते. हय लिवतंय, 'इतक्या तरी होया'. आणि हय, 'हेच्यापुढे नको'.

बाबली : मालवणीत लिवतस? छापील कागदार?

किशोरी : वाचणारे मालवणीच आसत ना.

बाबली : मगे सोमवारचा सांग. सोमवारी मी शिवराक. मासो नाय तर चोपन कसे होतले?

किशोरी : कुळथाची पिठी, चवळीची उसळ, दोन्ही वेळेक दही. होतत.

राधाबाई : पिठयेत मीठ मी घालतलंय. चव बघूच्या नावान चुलीकडे येव नकात.

बाबली : बघ, तुझ्या आवशीक लगेच अधिकार गावलो.

गुरुप्रसाद (बाहेरून येत) : बाबल्या, घरात आसस रे? परवा पहाटे होडी काढूची. आणि ह्यो घे खारो बांगडो, डब्याक.

राधाबाई : इलो बघा होडयेचो मालक. भार घेवनच इलो.

बाबली : ये गुरुप्रसाद. बांगडो परत ने. आणि परवा आपल्या होडयेवरच्या महादूक तांडेल कर.

गुरुप्रसाद : तू किनाऱ्यार रवतलस? मस्करी करतस काय?

बाबली : नाय. बीपी उतरल्यार येतंय.

गुरुप्रसाद : इतक्या वर्सांत तू कोणाचा ऐकूक नाय. डॉक्टरान सांगितल्यान?

बाबली : डॉक्टरान गोळी दिल्यान. जेवाण माझ्या चेडवान ठरवल्यान.