शिंदखेड्याहून आणलेले खेकडे

शिंदखेडा-धुळे एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. खिडकीजवळच्या मारवाडी बाईंच्या मांडीवरचा स्टीलचा डबा आतून खरखरत होता. शेजारणीला राहवेना.

"अक्का, डबामा काय शे?"

"खेकडे. जिवंत आहेत."

"तुम्ही खेकडा खातस?"

"अहो, आम्ही जैन. कांदासुद्धा खात नाही. माझ्या नातीनं, जिनलनं, ऑक्टोपस पाळलाय. मादी आहे. काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात ठेवते. ती खेकडे खाते, म्हणून वर्षभर मी त्या खोलीत पाणी प्यायले नाही."

"मंग?"

"एकदा टाकी पुसत होते, तर पाण्यातून एक हात वर आला. माझं बोट धरलं, सोडेचना."

"मंग?"

"आता अंडी घातलीत तिनं. त्यांना कवटाळून बसलीय, अन्नाला शिवत नाही. जिनल म्हणते, आजी, यांच्यात असंच असतं. आई खाणं सोडते आणि मग जाते. हे सांगते आणि स्वतःचं ताट तसंच ठेवून उठते."

"पिल्ला तरी निंघतीन ना?"

"नाही हो. टाकीत एकटीच होती ती."

"मंग ह्या खेकडा कसाले?"

"घरातलं कुणी जेवत नसलं, तरी आपण ताट पुढे करतोच ना."

"धुयामा भेटतस ना खेकडा."

"धुळ्यात सगळे ओळखतात मला."

डबा पुन्हा खरखरला.

"आनि तिनी नही खादं तं?"

"तर जिनल कॉलेजातून यायच्या आत पांझरा नदीत सोडून येईन. तिला म्हणेन, तुझी लाडकी जेवली, आता तू जेव."