मामांच्या गोष्टीची मध्यवर्ती कल्पना

…न्हाई न्हाई, पोरीची चूक न्हाईच त्यात, मी कुठं म्हणलं पोरीची चूक हाय म्हणून? शिकवलं कोणी? मीच. नऊ वर्षं झाली, तुम्हाला सांगतो, चाकूरला शाळेत मराठी शिकवून राहिलो, तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की आपण सुट्टीवर अन् पगार आपल्या पुढं सुट्टीवर… अन् ह्या नऊ वर्षांत एका पोराला, एका पोराला हो, गोष्टीची मध्यवर्ती कल्पना काढता आली नव्हती.

अख्ख्या आठवीत उत्तरं दोनच, धडा कोणताबी असू द्या. एक गोष्ट घेतली, म्हातारा बाप दिवसभर बसस्टँडवर पोराची वाट बघतो अन् पोरगं येतच न्हाई. वाचून पुस्तक मिटलं. म्हणलं, अबुजर, बेटा, सांग मध्यवर्ती कल्पना. उठला. "सर, झाडे लावा, झाडे जगवा." आरं, झाड कुठंय त्यात? तर म्हणतो, "सर, म्हातारा दिवसभर बसला, तर काय उन्हात बसंल का?" आता ह्याला काय बोलावं, तुम्हीच सांगा. बरं, गोष्ट राहू दे, कविता घेतली. सासरी निघालेली पोरगी डोळ्यातलं पाणी आवरती. कशिशला विचारलं. "सर, पाणी अडवा, पाणी जिरवा." काऊन गं? "रडली न्हाई ना सर ती. अडवलं तिनं." टँकरमागं घागरी घेऊन पळत मोठी झालेली लेकरं, त्यांना दुसरं सुचावं तरी काय?

तर मी चिडलो. फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, सांगणारा ज्या गोष्टीभोवती घिरट्या घालतो पण जिचं नाव काही घेत न्हाई, ती मध्यवर्ती कल्पना. अन् खाली लिहिलं, उताऱ्यातला आधार द्या. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. लुंबिनी म्हणून एक पोरगी हाय, पहिल्या बाकावरची, तिनं तर त्याच्याखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. मला लई बरं वाटलं. शिकवलं कोणी? मीच.

आता इकडं माझं लग्न. वय चौतीस. अकरा घरी पोहे खाऊन आलो, अकराही घरी एकच सवाल, "पोरगं पर्मनंट हाय का?" अन् आपण खरं बोलणारे, त्यामुळं पोहे संपायच्या आत कार्यक्रम संपायचा. म्हणून बाराव्या घराला आमचे सुदर्शनमामा म्हणले, "धम्मानंद, ह्या बारीला तू तोंड उघडायचं न्हाई. फक्त खायला उघडायचं. बोलणार मी." गेलो बिलोलीला. जय भीम, जय भीम झालं, पाणी झालं. मुलगी रूपाली, सरकारी दवाखान्यात नर्स. आली, बसली, मानबिन खाली न घालता सरळ माझ्याकडं बघितलं… अन् मला पसंत पडली हो, खोटं कशाला बोलू? मनात म्हणलं, हे जमायला पाहिजे, काय बी करून जमायला पाहिजे. तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन कोण यावं? लुंबिनी. पहिल्या बाकावरची. रूपाली तिची मावशी, अन् पोरगी शनिवारी शाळा सुटली की आजोळी आलेली. "सर, तुम्ही?"

तिचे आजोबा, म्हणजे रूपालीचे वडील, लई खूश. "मग तर घरचंच काम झालं," म्हणले, अन् मामांना विचारलं, "पाहुणे, पोराची नोकरी कशी हाय?" मामांनी घसा खाकरला अन् जे सुटले… "काय विचारता, पोरगं पहाटे पाचला उठतंय, सुपारीचं खांड तोंडात न्हाई, अन् आपल्या विहिरीला ऐन मे महिन्यात पाणी…" आजोबा म्हणले, "ते खरं, पण नोकरी?" "अहो, शाळेतून आलं की म्हशीला हात लावतंय, ती म्हैस दुसऱ्या माणसाला उभं करत न्हाई…" "पण पाहुणे, ऑर्डर निघाली का?" "ऑर्डर दिली की कवाच, पुढच्या खोलीला फिकट हिरवी फरशी टाकून राहिलो…"

आजोबांना नातीचं कौतुक करायचं असंल का मामांना थांबवायचं असंल, कुणास ठाऊक, मधीच म्हणले, "लुंबिनी, सर काय शिकवतेत गं तुला?" "मध्यवर्ती कल्पना." "ती काय असती?" तिनं फळ्यावरचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. शिकवलं कोणी?… आजोबा म्हणले, "मग मामा आत्ता बोलले त्याची काढ बरं."

तुम्हाला सांगतो, पोह्यातला शेंगदाणा माझ्या दाताखाली तसाच राहिला. पोरगी छताकडं बघून विचार करून राहिली, अन् मी मनातल्या मनात म्हणून राहिलो, बाई, झाड लाव. नऊ वर्षं सगळ्यांनी लावली, आज एक तू लाव. न्हाईतर पाणी अडव… काय बी अडव, पण अडव…

"नोकरी पर्मनंट न्हाई."

अन् वर आधार दिला! उताऱ्यातला! "आजोबांनी तीनदा विचारलं. मामा एकदा विहिरीवर गेले, एकदा म्हशीकडं गेले, एकदा फरशीवर आले. नोकरीचं नाव काही घेतलं न्हाई."

मामा ताटलीत लिंबू शोधायला लागले, जे कुणी दिलंच नव्हतं. रूपालीनं तोंडाला ओढणी लावली, पण खांदे हालून राहिले होते. मला ते हसणं पण आवडलं, माझ्यावरच होतं तरी. अन् ही पोरगी ट्रे छातीशी धरून माझ्याकडं बघती हाय, बरोबर का चूक ते मास्तर सांगंल म्हणून. आता सांगा, काय करावं माणसानं? चूक म्हणावं तर माझं लग्न वाचंल कदाचित, पण नऊ वर्षांत आलेलं पहिलं बरोबर उत्तर हो… मामांनी टेबलाखालून पाय दाबला. म्हणलं, "बरोबर. पैकीच्या पैकी."

आजोबा उठले. म्हणले, "विचार करून कळवतो."

सोमवारी वर्गात गेलो. फोन आला नव्हता, अजूनबी आला न्हाई. हजेरी घ्यायच्या आधीच पहिल्या बाकावरनं हात वर. "सर, आजोबा म्हणले विचार करून कळवतो. ह्याची मध्यवर्ती कल्पना काय?" अन् पन्नास पोरं, पन्नास पेनं वहीवर टेकवून तयार, शिस्त कशी बघा, शिकवलं कोणी?… मी फळ्याकडं तोंड केलं, खडू हातात घेतला, अन् म्हणलं, लिहा पोरांनो… झाडे लावा, झाडे जगवा.