दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली

नाही, मला एक सांगा, गाडी घातली त्यांनी, पाय मोडला माझ्या दादाचा, आणि गुन्हेगार कोण? मी! बावीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवतोय, गाडीवर साधा ओरखडा नाही हो... पण ते पदावर आहेत ना!

तुम्हाला सांगतो, खुद्द राष्ट्रप्रमुख आपल्याकडे शिकायला येणार म्हटल्यावर बायकोनं सीटची कव्हरं धुतली, मी नवा शर्ट चढवला, आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शिंपी आहे, समोरच्या फुटपाथवर मशीन लावून बसतो, तो चष्मा पुसून तयार. "बघू तरी जवळून कसे दिसतात!" दिसले ना! पार मशीनपाशी येऊन दिसले!

आता आमच्या गाडीत ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याचा, दुसरा माझ्या पायाखाली. पहिलाच धडा, मी म्हटलं, साहेब, क्लच हळू सोडा, तर साहेबांनी स्टिअरिंगच सोडलं आणि खिडकीतून लोकांना हात हलवायला लागले! गाडी निघाली फुटपाथकडे. मी ब्रेक दाबणार, तेवढ्यात मागून अंगरक्षक गुरगुरला, "पाय वर घ्या! साहेबांना कुणी थांबवायचं नसतं." आणि मी गाढव... घेतला हो वर!

पोलीस स्टेशनात गेलो, तर हवालदार म्हणतो, "साहेबांवर गुन्हा नोंदवता येत नाही, पदावर आहेत ना! पण पाय तर मोडलाय, कुणाचं तरी नाव लिहायला हवं... दुसरा ब्रेक कुणाचा म्हणालात?" झालं! वकीलबाई म्हणाल्या, "पदावरून उतरले की भरू खटला." म्हटलं, उतरणार कधी? "ते तेच ठरवतात." अहो, उद्या कुणाच्या घरात घुसून भांडीकुंडी उचलून नेली तरी आपण नुसतं बघायचं? म्हणे, देशाच्या कामात व्यत्यय नको. कसलं डोंबलाचं काम? दादाचा पाय मोडणं हे देशाचं काम होतं? सहा महिने त्याचं मशीन बंद आहे, आणि हे रोज फिती कापत फिरतायत... दोन्ही पायांवर!

मला शिक्षा एक वर्ष. वकीलबाई म्हणाल्या, "घाबरू नका, दयेचा अर्ज करा." कुणाकडे? त्यांच्याकडेच! माफी द्यायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाहीच. मी म्हटलं, मेलो तरी करणार नाही, जातो आत. तर दादानंच कागद पुढे ओढला आणि पलंगावर बसून अर्ज लिहिला. म्हणाला, "माझा पाय गेला तेवढा पुरे. तू सही कर." केली. लाज वाटली हो, पण केली.

आज उत्तर आलं. माफी मंजूर! खाली साहेबांच्या अक्षरात एक ओळ... "राहिलेले एकोणीस धडे उद्यापासून, सकाळी आठला."

तेव्हा मंडळी, उद्या आठला रस्त्यावर येऊ नका, फुटपाथवर तर मुळीच नको. दुसरा ब्रेक आहे, आजच तेलपाणी केलंय, एकदम झकास लागतो... पण मी मांडी घालून बसणार आहे. पदावर आहेत ना!