कापसाखालचा जोड

मुकुटबनात वायर टाकावं तं या सदाशिवरावानंच — इचार कोणालेही! आता मी टाकलेल्या वायरातून काही जाते का, हे नको इचारू. टाकतो म्हनलो मी, चालवतो नाही म्हनलो. बस लखन, खाटेवर बस. वणीहून गाडीवर आला ना, एवढ्या उन्हात? तो इंटरनेटचा डब्बा काय निरखून राह्यला बापा, त्यात काही बिघाड नाही. म्हणजे — असू शकते. कंपनीचा माल हाय, बिघाड असलाच पाहिजे. महिनाभर घरात मी हेच सांगून राह्यलो.

पाय, डब्बा इथं बैठकीत. माह्या नातीची, समीक्षाची, खोली तिकडं मांगं. अन् मधात ही — ए, दार उघडू नको! कापूस अंगावर येते. छतापर्यंत भरला हाय, भाव वाढाची वाट पाहून राह्यला. ते वायफाय कापसात शिरलं का तिथंच झोपते, पलीकडं निघत नाही. म्हनून पोरगी म्हणे, आबा, वायर टाकाले मानूस बोलवा. मानूस कायले? तीस वर्षं विहिरीवरच्या मोटरीचे वायर जोडले मी, झटके खाल्ले, मेलो नाही — अजून काय शिक्षण पाहिजे?

गेलतो मंग वणीले. दुकानदार म्हणे, आठ तारांचं घ्या, अस्सल तांब्याचं, किती मीटर? म्हनलो, सतरा. कसं मोजलं? वावर मोजतो तसं, पावलानं! या दारातून त्या दारात, सरळ. हसू नको लेका. वायर काही मानसासारखं दारातून चालत जात नाही, भिंतीवर चढते, चौकट ओलांडते, खाली उतरते — हे मले तवा समजलं, जवा पाच हात कमी पडलं. आता परत त्या दुकानदाराले तोंड दाखवू? मंग — तू कोणाले सांगनार नाहीस ना? — मंग मोटरीच्या वायरीचा तुकडा पडला होता घरात. दोन्ही टोकाले प्लग लावून देल्ले होते, म्हनून मधातच कापलं अन् तो तुकडा लावला. हो, तीनच तारांचा. आठ पोरं, तीन खाटा — झोपवले तीन, तीन अन् दोन! वरून काळी टेप, घट्ट. असा जोड मोटरीले असता तं विहीर कोरडी केली असती तिनं.

चालवून काहून नाही पाह्यलं? अरे, तवा खोली एकाच बाजूनं भरली होती; त्याच दुपारी वावरातून उरलेल्या कापसाची गाडी आली, गड्यायनं छतापर्यंत भरली, जोड गेला खाली गाडल्या. मी म्हनलो, कंपनीचा दोष. अन् पोरगी महिनाभर गच्चीवर, पाण्याच्या टाकीमांगं, मोबाईल घेऊन बसून राह्यली. मी खालून ओरडतो — वाळली का वो, उतरवू का सुपात?

पण परवा तिची मुलाखत हाय. कम्प्युटरवर, दीड तास. नोकरी लागली तं घरूनच काम. नाही लागली तं पुण्याले खोली करून राहीन म्हणते. जाय म्हना, कोन अडवते? सून तं माह्या थट्टेवर नुसतं हं-हं करते, पोरगं ऐकतच नाही. उलटून बोलनारी एवढीच हाय घरात — पन तो भाग वेगळा. तो काही वायरीचा इषय नाही.

तं तू असं कर — नवीन वायर बाहेरून टाक, भिंतीभिंतीनं, पाईपातून. या बारीनं टेपानं मोज, मी पाऊल उचलत नाही. अन् समीक्षा किराणा घेऊन आली का तिले सांग, जुनं वायर उंदरानं कुरतडलं. उंदराचं नाव घेतलं तं तो काही भांडाले येत नाही. सांगशील ना? असा काय पाहून राह्यला माह्याकडं?

"उंदीर राहू द्या, आबाजी. ताईनं त्या दिवशीच टेप गुंडाळताना पाह्यलं होतं तुमाले. कालच फोनवर सांगतलं मले — वायर बाहेरूनच टाक, पन आबा सोताच्या तोंडानं जोड कबूल करत नाही तवरिक कामाले हात लावू नको. सरका आता, लावतो."